परीक्षकाच्या आसनावर कोण?

संगणक आणि स्पर्शपटल यांच्यातील दुभाषी म्हणजे ‘ड्रायव्हर’. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात असा नवा ड्रायव्हर समाविष्ट करण्याचा प्रस्ताव आला की त्याची छाननी सर्वांसमक्ष होते. कामकाज काहीशे ओळींचे; पण परीक्षक एकेक ओळ तपासतो. उपकरण काढून घेतल्यावर अडवलेली स्मृती मुक्त होते काय? बोटाचे स्थान ठरलेल्या संकेतांतच कळवले जाते काय? गाभ्यात तयार असलेली सोय सोडून लेखकाने वेगळी चूल का मांडली? प्रस्ताव पुनःपुन्हा परत जातो. नामांकित कंपनीच्या अभियंत्यालाही यातून सूट नाही. ही शिस्त मनापासून अनुकरणीय आहे.

मात्र या खुलेपणालाही राजकीय सीमा आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांमुळे काही रशियन देखभालकर्त्यांची नावे यादीतून वगळण्यात आली. त्यांचे काम राहिले, अधिकार गेला! पोखरणनंतर १९९८ मध्ये निर्बंधांची झळ भारतानेही सोसली आहे. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली याच गाभ्यावर उभी आहे. अशा वेळी केवळ स्वदेशी पाटीवर समाधान मानता येणार नाही. परक्याचा ड्रायव्हर ओळीओळीने तपासून तो परत पाठवण्याचे सामर्थ्य असलेले अभियंते आपल्या महाविद्यालयांतून घडले पाहिजेत.