टाकीतला गाळ आणि खिशाला भोक

मृग लागून चार दिवस झाले होते. पाऊस बरा पडला, रानाला वाफसा आला आणि नेमका त्याच दिवशी आमचा जुना ट्रॅक्टर घुसमटल्यासारखा आवाज करून तासातच उभा राहिला. थोडे थांबून चालू केला की चालायचा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बंद. मिस्त्री आला. त्याने फिल्टर बदलला, एअर काढली, तरी तेच. मग मान हलवून म्हणाला, "दादा, पंप गेला. काढून जिल्ह्याला पाठवावा लागंल."

पंप जिल्ह्याला गेला, पाचव्या दिवशी परत आला, आम्ही मुकाट्याने पैसे मोजले. ट्रॅक्टर रानात घातला आणि पंधराव्या मिनिटाला पुन्हा बंद! शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे ड्रायव्हर बांधावरून हे बघत होते. ते आले आणि काही न बोलता त्यांनी टाकीचे झाकण अर्धे फिरवून सैल केले. टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. त्यानंतर ट्रॅक्टर दिवसभर चालला. झाकणातले हवेचे बारीक भोक चिखलाने बुजले होते. टाकीतून डिझेल खाली जात होते, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नव्हती. पंपाचा काही दोष नव्हता. वाफसा मात्र निघून गेला होता.

आमच्याजवळ कृषी पदवी आहे. मातीचा सामू, खतांच्या मात्रा, पिकाची पाण्याची गरज हे सगळे आम्हाला तोंडपाठ. पण टाकीच्या झाकणाला भोक असते आणि ते उघडे राहावे लागते, हे आम्हाला कॉलेजात कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. त्या अज्ञानाची फी आम्ही पेरणीच्या तोंडावर भरली.

हा विषय बैठकीत कशाला?

कोणी म्हणेल, चळवळीच्या पत्रकात भावाबद्दल लिहा, कर्जाबद्दल लिहा, टाकी आणि पंप हे मिस्त्रीचे काम. आमचे म्हणणे उलट आहे. गावात शेकडो जुने ट्रॅक्टर आहेत. त्यांचे हप्ते कधीच फिटले आहेत. कर्जाच्या बोज्याशिवाय शेतकऱ्याच्या दारात उभे असलेले मोठे यंत्र हे एवढेच. ते बंद पडले की दोनच वाटा उरतात : भाड्याचा ट्रॅक्टर, नाहीतर नव्याचे कर्ज. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण कर कमी झाला म्हणून हप्ता काही माफ होत नाही. आणि ज्या डिझेलवर ट्रॅक्टर चालतो ते डिझेल जीएसटीच्या बाहेरच ठेवले आहे. त्यावर केंद्राचे अबकारी शुल्क वेगळे आणि राज्याचा व्हॅट वेगळा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काटकसर हा रास्त भावाला पर्याय नाही. "भाव मागू नका, खर्च कमी करा" असा उपदेश करणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांच्या पंगतीला आम्हाला बसायचे नाही. पण आपल्या अज्ञानापोटी जो पैसा गळतो, त्याचे खापर सरकारवर फोडता येणार नाही.

आणखी एक अफवा. २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले तेव्हापासून "पंधरा वर्षांचा ट्रॅक्टर आता भंगारात" असे सांगत दलाल फिरतात. शेतीचा ट्रॅक्टर बिगरवाहतूक वाहनात मोडतो. त्याची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. वय झाले म्हणून चांगला ट्रॅक्टर कोणी ओढून नेऊ शकत नाही. भीतीपोटी कोणी कवडीमोलाने विकू नये.

टाकीत पाणी येते कोठून?

संध्याकाळी काम संपले, टाकी पाव भरलेली, ट्रॅक्टर अंगणात उभा. रात्री गारवा पडतो. टाकीच्या मोकळ्या भागातल्या हवेतली वाफ पत्र्याला थेंबाथेंबाने धरते, जसा थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो तसा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसते. तिथे पत्रा गंजतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढून काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. हा गंज आणि गाळ पुढे फिल्टरवर जातो, आणि फिल्टर फाटका किंवा जुना असेल तर थेट पंपात.

पंपाच्या आतला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला न दिसणारा कणही तिथे कानशीसारखे काम करतो. शिवाय त्या दट्ट्याला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. डिझेलमध्ये पाणी आले किंवा रॉकेलची भेसळ झाली की वंगण गेले. दट्ट्या आणि नळी जोडीनेच घासून बसवलेले असतात, एक बदलून दुसरे ठेवता येत नाही. म्हणून पंपाचे काम हजारांत जाते. त्यापुढे फिल्टरची किंमत ती किती? तरीही आपण वाचवतो तो फिल्टर!

यावर उपाय साधे आहेत. टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी भरावी, म्हणजे ओल धरायला मोकळी जागा राहत नाही. टाकीच्या तळाचा बोल्ट पंधरवड्यातून एकदा, सकाळी ट्रॅक्टर हलवण्याआधी, सैल करून पाणी व गाळ काचेच्या बाटलीत काढावा. पाणी खाली वेगळे दिसते. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडावे. फिल्टरच्या तळाचे पाणीही असेच काढावे. झाकणाचे भोक तारेने मोकळे ठेवावे. घरी डिझेल साठवायचेच असेल तर जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात साठवू नये. जस्ताची आणि डिझेलची क्रिया होऊन चिकट साका धरतो. डिझेल एक दिवस स्थिर ठेवून वरचे वर काढावे, तळाचे चार बोटे तसेच सोडावे. चाळणीला सुती फडके लावू नये, त्याचे तंतूच पुढे जाऊन अडकतात. बारीक जाळी लावावी.

पंप बदलण्याआधी

ट्रॅक्टर ओझ्याखाली दम तोडू लागला तर "पंप गेला" हे शेवटचे वाक्य असावे, पहिले नव्हे. तपासणी टाकीपासून सुरू करावी. झाकण सैल करून पाहा. मग टाकीच्या तोंडाची जाळी, मग रबरी नळी. नळीला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, पण हवा आत ओढली जाते, आणि आपण दिवसभर एअर काढत बसतो. मग फिल्टर. त्यानंतर फीड पंप, म्हणजे टाकीतले डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप. त्याची बाहेर जाणारी नळी सोडवून इंजिन स्टार्टरवर फिरवा. डिझेल ठोके घेत जोराने उडाले तर पंप बरा. नुसते ओघळले तर पडदा किंवा व्हॉल्व्ह गेला.

पडद्याचा पंप इंजिनाच्या अंगावर बसवलेला असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. ऑइल न घालता ऑइलची पातळी वाढली आणि काडीला डिझेलचा वास आला, तर पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. त्या क्षणी इंजिन बंद करा. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते, आणि मग छोट्या पडद्यापायी सगळे इंजिन उघडावे लागते.

हा छोटा पंप गावातही बदलता येतो. जुने पॅकिंग खरवडून काढावे, नवे त्याच जाडीचे घालावे. जाडी बदलली की दांड्याचा धक्का कमी-जास्त होतो. दांडा कॅमवर नीट टेकला आहे ना ते बघावे, दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळावेत. पंप बसला की टाकीपासून इंजिनाकडे क्रमाने एअर काढावी : आधी फिल्टर, मग मोठा पंप, शेवटी नोझलचे नट. मोठा पंप मात्र घरी उघडू नये. त्याचे काम टेस्ट बेंचवर, स्वच्छ खोलीत, जाणत्या माणसाच्या हातून व्हावे. आणि पंप गेला म्हणून नवा बसवला, पण टाकी गाळाचीच ठेवली, तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.

आता जिवाची गोष्ट. गळक्या टाकीला वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि वाफच पेट घेते. नुसती धुऊन ती जात नाही. टाकी फार गंजली असेल तर दुसरी बसवा.

इथेनॉलबद्दल खरे बोलू

आपल्यात ऊसवाले पुष्कळ आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे आम्ही नाकारत नाही. २०२५ साली हे मिश्रण २० टक्क्यांवर गेले. पण इथेनॉल पाणी ओढते, आणि जुन्या मोटारसायकलींचे काही रबरी भाग ते सहन करत नाहीत. अशा जुन्या वाहनांचे काही रबरी भाग व पॅकिंग बदलावे लागतील, हे केंद्राच्या पेट्रोलियम खात्यानेही त्याच वर्षी मान्य केले. तेव्हा आपल्या उसाच्या प्रेमापोटी शेजाऱ्याच्या गाडीची तक्रार खोटी ठरवू नका. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा आणि जुन्या रबरी नळ्या बदलून घ्या. ट्रॅक्टरच्या डिझेलचा मात्र या मिश्रणाशी संबंध नाही.

आमचे मागणे

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागले. अशा इंजिनांत इंधनाचा कारभार बराचसा इलेक्ट्रॉनिक आहे. उद्या बिघाड शोधायलाही कंपनीचाच माणूस आणि कंपनीचाच संगणक लागणार असेल, तर शेतकरी ट्रॅक्टरचा मालक की भाडेकरू? केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तीत शेती अवजारे हा एक विषय होता. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्यांसाठी तसा कायदाच केला. आपल्याकडेही कायदा हवा. दुरुस्तीची पुस्तके मराठीत हवीत, सुटे भाग खुल्या बाजारात मिळायला हवेत.

डिझेल भरताना घनता तपासून मागणे आणि पाच लिटरच्या मापाने माप बघणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पंपावर एकट्याने मागितले तर हसतात. दहा जणांनी मागितले तर माप बाहेर येते.

शेवटी एक काम. दारातल्या ट्रॅक्टरची एक वही घाला. कोणत्या तारखेला फिल्टर बदलला, किती डिझेल लागले, दुरुस्तीला किती गेले, बंद पडल्याने किती दिवस वाया गेले, सगळे लिहा. पिकाचा उत्पादन खर्च काढताना सरकारी आयोग अवजारांचा घसारा धरतो, पण आपल्या दारातला खर्च आपल्याशिवाय कोणाला माहीत? तोंडी तक्रारीला साहेब लोक उत्तर देतात. लिहिलेल्या हिशेबाला उत्तर देणे त्यांना जड जाते. पुढच्या बैठकीला येताना ती वही बरोबर आणा, आणि येण्याआधी सकाळी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून काय निघते ते बाटलीत घेऊन या. दहा गावांच्या दहा बाटल्या टेबलावर ठेवू. मग बोलू.