‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?

‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची शक्यता आहे.’ हे वाक्य आपण इतकी वर्षे ऐकत आलो आहोत, की ते कानावरून नुसते जाते, आत शिरत नाही. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळेल. माझे मत मात्र वेगळे आहे. अंदाज चुकतात हे खरे. पण त्यापेक्षा जास्त चूक आपल्या ऐकण्यात होते, आणि तिची किंमत बऱ्याचदा दवाखान्यात मोजावी लागते.

‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द सैल वाटतो, पण तो मोजून वापरलेला असतो. त्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागापर्यंत. तेव्हा तुरळक पावसाचा अंदाज असताना चारांपैकी तीन गावांत लख्ख ऊन पडले, तर अंदाज बरोबर ठरला असेच म्हणावे लागेल. ‘जोरदार’ पावसालाही माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तरच तो जोरदार.

त्यातून आपला जिल्हा म्हणजे हवामानशास्त्रज्ञाची परीक्षाच. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. डोंगर ओलांडून खाली उतरताना तेच वारे कोरडे झालेले असतात. म्हणून गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्याचा एकच अंदाज दोन्ही गावांना कसा लागू पडणार? अलीकडे घाट भागाचा इशारा वेगळा दिला जातो, ही चांगली सुधारणा आहे. पण शहरातला माणूस ‘ते घाटाचे आहे, आपले नव्हे’ म्हणून तो सोडून देतो. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

घाटाचा इशारा हाच खरे तर शहराचा इशारा. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्या तिकडचेच पाणी घेऊन येतात आणि त्यांचीच पंचगंगा होते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात तेव्हा रंकाळ्यावर कदाचित ऊन पडलेले असते, भेळेच्या गाड्या लागलेल्या असतात. आपण आभाळाकडे बघतो आणि निर्धास्त होतो. बघायला हवे राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे : ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अनेकांनी २००५ च्या पुराची खूण प्रमाण मानली. ‘तेव्हा पायरीला लागलं होतं, आता त्याच्या वर काय येतंय?’ पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेले, बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढे. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच घडले.

अशा वेळी घाईघाईने घर सोडणारा माणूस दागिने घेतो, कागदपत्रे घेतो, जनावरे सोडवतो. रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात राहतात, इन्शुलिन फ्रीजमध्ये राहते. पूर ओसरेपर्यंतच्या त्या दिवसांत पाण्याइतकाच हा विसर जिवावर बेतू शकतो. नदीकाठच्या घरांनी जुलै लागताच पंधरा दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवावी. वापरात असलेली इन्शुलिनची बाटली थंड जागी, मातीच्या ओल्या भांड्यात ठेवली तरी काही आठवडे चालते; ती उन्हात मात्र राहू देऊ नये. पाणी ओसरल्यावर चिखल काढणाऱ्याला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. ‘पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ एवढे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

आता ‘हवा बदलल्या की डॉक्टर, दुसरं काय? एक इंजेक्शन ठोका’ या वाक्याविषयी. हवा जंतू निर्माण करत नाही. गारठ्यात आपण खिडक्या लावून एका खोलीत दाटीने बसतो, म्हणून एकाची सर्दी सगळ्या घराला होते. ती विषाणूंची असते, तिच्यावर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग होत नाही. आणि हवेवर खापर फोडून दोन-चार दिवस काढले, की खरा आजार मागे लपून राहतो.

डेंग्यू हे त्याचे ठळक उदाहरण. पावसाळ्यात मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, की आपल्याकडे उघडीप मिळते. शेतकरी तेव्हा भांगलणीला लागतो, आणि डासही आपल्या कामाला लागतो. कुंडीखालच्या बशीत, जुन्या टायरात साठलेल्या स्वच्छ पाण्यातून आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. उघडिपीचा अंदाज हा मला डासांचा अंदाज वाटतो तो यामुळे. त्या आठवड्यात पिंप आणि हौद एकदा घासून कोरडे करावेत. ताप उतरल्यावर पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर बरे वाटू लागले असे समजू नये. डेंग्यूत धोक्याचे दिवस तेच असतात.

वळवाची गोष्ट निराळी. दुपारभर जमीन तापते, ओलसर हवा झपाट्याने वर जाते आणि चार वाजता आभाळ काळे होते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिसापर्यंत मोजण्याआधी आवाज आला तर शेत सोडून पक्क्या घरात जावे. आंब्याखाली थांबू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला लोक भितात आणि तेवढ्यात तो जातो. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी.

दम्याच्या रोग्यांनी थंडीतला अंदाजही वाचावा. निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, थंड हवा खाली बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. मग गुऱ्हाळाचा आणि पेटवलेल्या पाल्याचा धूर नदीकाठी सकाळी आठ-नऊपर्यंत रेंगाळतो. ‘आकाश निरभ्र, किमान तापमानात घट’ असा अंदाज असेल, त्या दिवशी पहाटेचे फिरणे ऊन वर आल्यावर करावे आणि श्वासाचा पंप खिशात असू द्यावा.