आधी भांडे तापवा!

तेर हे माझे आजोळ. धाराशिव जिल्ह्यातले, गोरोबाकाकांचे तेर! तेव्हा मडके कच्चे की पक्के, हा प्रश्न आमच्याकडे अंमळ जिव्हाळ्याचाच. पण मला आठवतो तो कल्हईवाला. दिवाळीच्या आधी तो आजीच्या परसात खड्डा खणून भाता बसवी आणि आजी समोर पाट टाकून पहारा करी. कल्हई उडालेल्या पितळेत राहिलेले ताक कळकले की काय होते, हे तिने एकदा भोगले होते.

एका वर्षी दिवस मावळत आला होता. गड्याने घाईघाईने शेवटचे पातेले अर्धवट तापवले, नवसागर टाकला, कथील फिरवले. कथलाचे जागोजाग गोळे झाले. आजीने नखाने खरवडताच एक पापुद्रा निघाला. "मामू, आधी भांडं तापू द्या की!" ती कडाडली. कथील २३२ अंशांना वितळते. पितळ त्याहून थंड असेल, तर ते पसरण्याआधीच थिजणार, नाही का?

हे आठवायचे कारण माझा भाचा. तो एका कारखान्यात पंपांच्या शाफ्टवर अ‍ॅल्युमिनाचा लेप चढवतो. माणिक ज्या पदार्थाचे बनते तोच हा! त्याची भुकटी २००० अंशांहून अधिक तापवून वितळवायची आणि ते थेंब वेगाने धातूवर फवारायचे. यंदा ऐन पावसाळ्यात त्याच्या कामाचे लेप पापुद्र्यांनी सुटले. सारा माल परत आला. साहेब भुकटीला नावे ठेवत होते, आणि पोराची नोकरी टांगणीला!

खोट भुकटीत नव्हती. थंड धातूवर दमट हवेतले पाणी डोळ्यांना न दिसता चिकटलेले असते. तापलेला थेंब आदळला की त्याची वाफ होते, थेंब नीट टेकतच नाही आणि शिंतोडे होऊन फुटतो. तोच पृष्ठभाग आधी शेदोनशे अंशांपर्यंत तापवला, तर थेंब धिरड्यासारखा गोल पसरतो आणि धातूच्या खरखरीत खाचाखोचांत घट्ट बसतो. थिजायला त्याला सेकंदाचा लाखावा भागही पुरतो. तेव्हा चूक सुधारायला सवड कुठली?

बरे, वाटेल तितके तापवूनही चालत नाही. धातूवर गंज धरतो. शिवाय निवताना धातू लेपापेक्षा अधिक आकसतो आणि लेपाला तडे जातात. म्हणून हे लोक एकीकडून ज्वाळा आणि दुसरीकडून गार हवेचा झोत सोडतात! कल्हईसुद्धा फार तापली की पिवळी पडते, हे आमच्या मामूला पक्के ठाऊक होते.

भाच्याने नवे शाफ्ट तापमापक लावून, तापवून फवारले. लेप टिकले. परवा तो म्हणाला, "मामा, पणजीचं ते पातेलं आहे का हो अजून?"

आहे. पण त्याला कल्हई करायला माणूस मिळेना.