दुरून तट साजरे

गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयाला पिरनवाडी ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. कणकुंबी, जांबोटी, किणये मागे टाकीत आलेली वाट येथेच खानापूर-बेळगाव हमरस्त्याला मिळते. बाजारहाट, दवाखाना, शिक्षण, सोयरीक अशा नाना निमित्तांनी आपली माणसे या तिठ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आली आहेत. येथून थोड्याच अंतरावर, येळ्ळूर गावाजवळच्या डोंगरावर राजहंसगड उभा आहे. बेळगावच्या भुईकोटाचा हा जुना पहारेकरी. एके काळी केवळ स्थानिकांना आणि चार-दोन इतिहासवेड्यांना माहीत असलेला हा गड अलीकडच्या वर्षांत सर्वतोमुखी झाला आहे. सुट्टीच्या दिवशी तरुण मंडळी गडावर जातात, छायाचित्रे घेतात आणि ती क्षणार्धात जगभर धाडतात.

यात वावगे काही नाही. तरुणांची पावले गडाकडे वळावीत, असे ज्यांना मनापासून वाटत आले त्यांत आम्हीही आहोत. प्रश्न आहे तो गडावर जाऊन आपण पाहतो काय, हा. मोटार दरवाजापाशी नेऊन उभी करायची, तटावर चढायचे, तटाकडे पाठ करायची आणि स्वतःचा चेहरा मध्यभागी ठेवून यंत्राची कळ दाबायची, ही आजची रीत झाली आहे. त्या चित्रात आकाश असते, खालची हिरवी शेते असतात, हसरा चेहरा असतो. नसतो तो फक्त तट! 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपल्या पूर्वजांनी केली. आजच्या पिढीने डोंगर जवळ केला आणि तट मात्र दूरच ठेवला, असे खेदाने म्हणावे लागते.

गड पायी चढण्याचा आग्रह आम्ही धरतो, तो केवळ व्यायामाच्या हौसेने नव्हे. चढ हाच गडाचा पहिला तट होय. दमलेला शत्रू दरवाजाशी पोहोचावा, तेथे दोन बुरुजांच्या कवेत दडलेले द्वार त्याला अखेरपर्यंत दिसू नये, दिसले तरी धडक मारायला पुरेशी जागा मिळू नये, हे दुर्गशास्त्राचे गणित आहे. हे गणित पुस्तक वाचून अर्धेच कळते. उरलेले अर्धे पायांना आणि छातीच्या भात्याला कळते. नाशिक जिल्ह्यातील हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या दोन्ही हातांनी खोबण्या धरून जो चढला, त्याला दुर्गरचनेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. अशा वाटा आपल्याकडे आणखी पुष्कळ होत्या. परंतु १८१८ साली मराठी सत्ता संपुष्टात आणताना इंग्रजांनी सह्याद्रीतील कित्येक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडविले. आज गिर्यारोहकांना जे अवघड टप्पे आव्हान देतात, त्यांपैकी अनेक निसर्गाने नव्हे, तर परक्या दारूगोळ्याने अवघड केलेले आहेत. चढणाऱ्याला हे ठाऊक असेल, तर तो त्या जागी क्षणभर थांबेल. थांबेल तोच पाहील.

आणि जो पाहील, त्याच्या हातातील छायाचित्रण-यंत्राला मोठे मोल येईल. याचा उत्तम दाखला कर्नाटकातच आहे. अलेक्झांडर ग्रीनलॉ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली विजयनगरच्या भग्न राजधानीची, म्हणजे आजच्या हंपीची, छायाचित्रे घेतली. पुढे १९८३ मध्ये जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने तीच ठिकाणे शोधून, त्याच कोनांतून पुन्हा चित्रे टिपली. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली, की सव्वाशे वर्षांत काय पडले, काय उभे राहिले, काय नव्याने रचले गेले, याचा पुरावाच समोर उभा राहतो. ग्रीनलॉने स्वतःचा चेहरा मध्यभागी ठेवला असता, तर आज त्या चित्रांचा उपयोग कोणाला झाला असता?

चीनच्या भिंतीचीही अशीच कथा आहे. विल्यम गाइल हा अमेरिकन प्रवासी १९०८ साली त्या भिंतीच्या कडेने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि त्याने वाटेत छायाचित्रे घेतली. १९८७ मध्ये विल्यम लिंडसे हा इंग्रज त्याच भिंतीच्या वाटेने पायी निघाला. पुढे गाइलचे पुस्तक त्याच्या हाती आले. जेथे त्याने स्वतः चित्र काढले होते, तेथे गाइलच्या चित्रात एक बुरूज उभा होता. त्याच्या स्वतःच्या चित्रात तो नव्हता! एका नाहीशा झालेल्या बुरुजाने त्या माणसाला कामाला लावले. जुन्या छायाचित्रांच्या जागा हुडकून त्या पुन्हा टिपण्यात त्याने पुढची कित्येक वर्षे घातली.

छायाचित्र हा पहारेकरीही होऊ शकतो. लिआओनिंग प्रांतात मिंग काळातील भिंतीचा एक खडा, रानटी सौंदर्याचा टप्पा दुरुस्तीच्या नावाखाली सपाट गुळगुळीत लेपाने झाकून टाकण्यात आला होता. २०१६ साली त्याची छायाचित्रे लोकांसमोर आली, तेव्हा देशभर संताप उसळला आणि सरकारला चौकशी करावी लागली. शान्शी प्रांतात २०२३ साली तर जवळची वाट हवी म्हणून दोघांनी यंत्राने भिंतीलाच खिंडार पाडले. एवढी जगप्रसिद्ध भिंत, एवढे बलाढ्य सरकार, तरीही ही गत! मग आडवाटेवरच्या आपल्या लहान गडांचा वाली कोण?

येथे पुतळ्यांविषयी चार शब्द बोलणे प्राप्त आहे. राजहंसगडावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण २ मार्च २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते झाले. आणि अवघ्या तीन दिवसांनी, ५ मार्चला, काँग्रेस पक्षाने त्याच पुतळ्याचे अनावरण पुन्हा केले. विधानसभेची निवडणूक मे महिन्यात होती, हे सांगितले म्हणजे अधिक भाष्याची गरज उरत नाही. महाराजांविषयीच्या श्रद्धेत आम्ही कोणाच्याही मागे नाही. परंतु मालवणचा अनुभव विसरता येत नाही. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी कोसळला. त्याच किनाऱ्यासमोर, लाटांचा मारा अंगावर घेत, महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आजही उभा आहे. खरे स्मारक कोणते, हे त्या दिवशी समुद्रानेच सांगितले. मालवणात पुढे नवा पुतळा उभा राहिला, तो सुखेनैव उभा राहो. पण पुतळ्याला हार घालणारे हात तटाच्या निखळलेल्या दगडाकडेही वळावेत, ही अपेक्षा गैर आहे काय?

११ जुलै २०२५ रोजी 'युनेस्को'ने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातील, एक तामिळनाडूतील जिंजी. ही अभिमानाची गोष्ट होय. पण एकट्या महाराष्ट्रात साडेतीनशेहून अधिक किल्ले आहेत. जे त्या यादीत नाहीत आणि शिवाय सीमेच्या वादात सापडलेल्या मुलखात आहेत, त्यांची स्थिती अधिकच नाजूक आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा भाग दोन राज्यांच्या ओढाताणीत आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्या प्रश्नावरील आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. येथे त्याची उजळणी नको. मात्र तटातून उगवणाऱ्या पिंपळाला मराठी कळत नाही आणि कानडीही कळत नाही. तो दोन्ही भाषकांच्या डोळ्यांदेखत दगड फोडीत राहतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडांच्या निगराणीचा विचार केला, तेव्हा तटावर वाढणारी झाडी वरचेवर काढून टाकण्याची दक्षताही त्यांनी बजावली होती. तीनशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्यांना सुचलेली ही गोष्ट आज आपल्याला अवघड का वाटावी?

म्हणून आम्ही गडावर जाणाऱ्या तरुणांपुढे आणि त्यांच्या शिक्षकांपुढे एक साधी योजना ठेवतो. बेळगाव, पिरनवाडी, येळ्ळूर परिसरातील शाळा-महाविद्यालयांनी राजहंसगडाच्या तटाचे टप्पे पाडावेत. प्रत्येक टप्प्यासमोर उभे राहण्याची जागा एकदा ठरवावी. दरवर्षी पावसाळा सरल्यावर, गवत वाळल्यानंतर, त्याच जागेवरून, त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. पाठीवर तारीख लिहावी. एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी. कोणता दगड सरकला, कोणती भेग रुंदावली, कोठे सिमेंट थापले गेले, हे दोन-तीन वर्षांतच उघड दिसू लागेल. मग निवेदन घेऊन जाणाऱ्याच्या हाती नुसती तक्रार नव्हे, तर पुरावा असेल. मराठी आणि कानडी मुले हे काम एकत्र करतील, तर अधिकच बरे. या कामाला अनुदान लागत नाही, मंत्री लागत नाही आणि कोनशिलाही लागत नाही.

त्याबरोबर शिस्तही हवी. पावसात शेवाळलेल्या तटावर चढणे हे शौर्य नव्हे, अविचार आहे. चित्रासाठी कड्याच्या टोकाशी मागे मागे सरकत जाणाऱ्याला गड क्षमा करीत नाही. तट ही शिडी नाही. त्यावर पडणारे प्रत्येक बेफिकीर पाऊल एखादा सैल दगड अधिक सैल करते. खड्या चढणीवर दोन्ही हात मोकळे असावेत आणि यंत्र पडशीत असावे. चित्र घ्यायचे ते पाय स्थिर झाल्यावर, तटासमोर उभे राहून.

हा उपदेश घाटापलीकडच्यांनाच कशासाठी? गोव्यात शापोऱ्याच्या किल्ल्यावर २००१ सालच्या एका हिंदी चित्रपटामुळे लोटणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की संभाजी महाराजांच्या स्वारीत तो मराठ्यांच्या हाती आला होता? चोर्ल्याच्याच वाटेवरील आपल्या सत्तरीत नाणूसचा किल्ला आहे. १८५२ साली दीपाजी राणे यांनी तो घेऊन पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिले होते. त्याच्या अवशेषांची वर्षावार छायाचित्रे आपल्या किती शाळांत आहेत? आग्वादच्या ज्या कोठड्यांत गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी दिवस काढले, तेथे २०२१ साली संग्रहालय झाले, हे उचित झाले. पण सर्वच किल्ल्यांच्या नशिबी संग्रहालय नसते. बहुतेकांच्या नशिबी केवळ आपण असतो.

येत्या कार्तिकात गडाकडे निघणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मोटार पायथ्याशी सोडा, चढ पायांनी चढा आणि पहिले छायाचित्र तटाचे घ्या. स्वतःचे त्यानंतर हवे तेवढे घ्या. आपले चेहरे उद्या आपल्याच मुलांना ओळखू येणार नाहीत. तटाचे ते एक चित्र मात्र शंभर वर्षांनीही कोणाच्या तरी कामी येईल.