सर्व्हेच आहे, मग बँक खातं कशाला? वऱ्हाडातल्या इनबॉक्समध्ये येणारे 'माहिती फॉर्म' समजून घेताना

ईमेलचा विषय असतो 'शेतकरी समाधान सर्वेक्षण' किंवा 'विद्यार्थी अभिप्राय'. वर एखादं सरकारी बोधचिन्ह, खाली सोपे प्रश्न. यंदा सोयाबीन पेरलं की कपाशी? पीक विम्याचे पैसे मिळाले का? पाच प्रश्नांनंतर पूर्ण नाव आणि जन्मतारीख, मग मोबाइल नंबर, आणि शेवटी 'अनुदान जमा करण्यासाठी' बँक खातं. अमरावती असो की अकोला, फॉर्मची रचना बहुतेक वेळा अशीच असते. सुरुवातीचे प्रश्न विश्वास बसावा म्हणून. खरं काम शेवटच्या तीन रकान्यांत होतं.

'आपण कुठं ईमेल वापरतो' असं अनेकांना वाटतं. पण अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर वापरायचं तर गुगल खातं लागतं, म्हणजे ईमेल असतोच. तो कित्येकदा मोबाइल दुकानदारानं किंवा सेतू केंद्रावरच्या मुलानं उघडून दिलेला असतो. पासवर्ड कुठल्या कागदावर लिहिला होता हेही आठवत नाही. त्यात शिष्यवृत्ती, भरती, परीक्षा, विमा अशा प्रत्येक अर्जात तोच पत्ता जातो. त्यामुळे सरकारी नावानं काही आलं, की ते आपल्याच एखाद्या अर्जाचं उत्तर असावं असं वाटणं साहजिक आहे.

या प्रकाराचं देशभर गाजलेलं उदाहरण 2022 चं. भारतीय पोस्टाच्या नावानं 'सर्व्हे भरा, सरकारी अनुदान मिळवा' अशा लिंक व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, इन्स्टाग्राम, एसएमएस आणि ईमेलवरून फिरल्या. एप्रिल 2022 मध्ये पोस्ट खात्याला जाहीर करावं लागलं, की सर्व्हेच्या आधारे अनुदान, बोनस किंवा बक्षीस देण्याशी आपला संबंध नाही. जन्मतारीख, खाते क्रमांक, मोबाइल नंबर, ओटीपी देऊ नका, असं सांगताना खात्यानं 'जन्मस्थान'ही त्या यादीत घातलं होतं. गावाचं नाव सांगितल्यानं काय बिघडतं?

एकट्या गावाच्या नावानं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते जोडणीनं. समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं फॉर्म भरला. महिन्याभरानं फोन येतो, "दादा, तुमचं दोन एकर सोयाबीन गेलं ना? तुमच्या अमुक बँकेतल्या खात्यात विमा अडकलाय, आलेला नंबर सांगा." बोलणाऱ्याला नाव, गाव, पीक, बँक सगळं माहीत आहे. तो परका कसा वाटेल? म्हणजे सुरुवातीचे ते बिनमहत्त्वाचे प्रश्नही वाया जात नाहीत. फॉर्म भरताना एक रुपयाही गेलेला नसतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. नंतर पैसे जातात, तेव्हा त्या फॉर्मची आठवणही राहिलेली नसते.

मग सगळेच सर्व्हे खोटे का? नाहीत, आणि खरी अडचण इथेच आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत तर राजकीय पक्ष आणि उमेदवारांवरच आयोगाला बोट ठेवावं लागलं. सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची माहिती घेऊन निवडणुकीनंतरच्या योजनांसाठी नोंदणी करणं ताबडतोब थांबवा, असं निवडणूक आयोगानं 2 मे 2024 ला बजावलं. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ही लाच ठरू शकते, असंही सांगितलं. अमरावती आणि अकोल्यात मतदान 26 एप्रिललाच उरकलं होतं. या दोन मतदारसंघांसाठी ही सूचना सहा दिवस उशिरा आली.

दुसरीकडे अमरावतीचं संत गाडगे बाबा विद्यापीठ आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ याच भागात आहेत. संशोधनासाठी प्रश्नावली पाठवणं हे विद्यार्थ्यांचं रीतसर काम, आणि त्यासाठी सहसा गुगल फॉर्म वापरला जातो. फसवणारेही तोच वापरतात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुतेक 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'नं संपतो, हे तपासायला हवंच. पण गुगल फॉर्मवर त्याचा उपयोग होत नाही, कारण खऱ्या-खोट्या दोघांचा पत्ता गुगलचाच असतो. तिथे प्रश्नाकडेच पाहावं लागतं. कपाशीवरच्या बोंडअळीचा अभ्यास करणाऱ्याला तालुका आणि पेरणीची तारीख लागेल, पॅन नंबर लागणार नाही. नाव न लिहिता फॉर्म पुढं जातो का, हेही पाहावं. शंका आली तर ईमेलमधला नंबर सोडून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर विभागात फोन करावा. जनगणनेचं नाव सांगणाऱ्यालाही हाच नियम लावावा. 2027 च्या जनगणनेत स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याची सोय आहे, पण त्यासाठी बँक खात्याचा नंबर किंवा यूपीआय पिन लागत नाही.

कायदा काय म्हणतो? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. कामापुरतीच माहिती घ्या, कशासाठी ते आधी सांगा, हा त्याचा गाभा. मात्र नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. तोवर पोलिसांच्या हाती प्रामुख्यानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातली 66 सी आणि 66 डी ही कलमं आहेत. दुसऱ्याची ओळख वापरणं किंवा तोतयेगिरी करून फसवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

फॉर्म भरून झालाच असेल तर काय करायचं, हे दिलेल्या माहितीवर ठरतं. ईमेलचा पासवर्ड दिला असेल तर तो आधी बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. आधार दिला असेल तर आधारच्या अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे संचार साथी पोर्टलवर दिसतं. पॅन दिला असेल तर वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट अहवाल मागवून आपल्या नावावर भलतं कर्ज निघालंय का ते पाहा.

पैसे गेले असतील तर 1930 वर फोन आणि बँकेला लगेच खबर. इथे वेळेला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार करता येते. त्यासाठी तो ईमेल डिलीट करू नका.