सात दिवसांचे शिबिर, आठव्या दिवसाचा ताप

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा सातवा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. समारोपाची भाषणे, स्वयंसेवकांचे मनोगत, प्रमाणपत्रे आणि सामूहिक फोटो. एरवीच्या शिबिराला हे शोभते. पण पूर ओसरलेल्या गावात मुले चिखल उपसायला गेली असतील, तर हा समारोप नेमका चुकीच्या दिवशी होतो.

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण वैनगंगा आणि बाघ आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला. गोंदिया आणि तिरोडा तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्ह्याने पुन्हा अतिवृष्टीचा तडाखा सोसला. अशा वेळी धडधाकट तरुण हातांचे मोल मोठे असते. घरातला गाळ काढणे, भिजलेले धान्य हलवणे, मेलेली जनावरे पुरायला मदत करणे ही कामे पहिल्या आठवड्यातलीच. त्या कष्टाला कमी लेखण्याचे कारण नाही.

अडचण वेगळीच आहे. महाविद्यालयाचे वेळापत्रक आठवड्याने चालते, रोगजंतूंचे नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. ताप दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस जातात. तो चावल्यावर हिवताप उमटायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे शिबिरार्थी बॅगा भरत असतात, तेव्हा गावातले आजारपण सुरू व्हायचे असते. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लेप्टोच्या रुग्णांची लाट ऑगस्टमध्ये आली. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतरही लेप्टोची साथ नोंदली गेली. आपला जिल्हा तर धानाचा. पूर ओसरला की शेतकरी घोटाभर चिखलात उतरणारच, आणि अंगदुखीचा ताप ‘कामाचा शीण’ म्हणून अंगावर काढणारच.

विहिरीचेही तसेच. ब्लीचिंग पावडर टाकतानाचा फोटो एकदा निघतो, पण क्लोरीन विहिरीत टिकून राहत नाही. साधारण हिशेब असा, की १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी असते, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. पुराचे गढूळ पाणी शिरले असेल तर मात्रा वाढते आणि ती आरोग्य कर्मचाऱ्यानेच ठरवावी लागते. तासाभराने ओटी चाचणीत पिवळा रंग आला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो येत नसेल, तर पहिल्या दिवसाची मेहनत पाण्यात गेली.

मग काय करावे? तरतूद नियमातच आहे. सेवा योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास नियमित काम करायचे असते. सात दिवसांचे शिबिर त्याशिवाय. हे तास महाविद्यालयाच्या आवारातले गवत काढण्यात संपवण्यापेक्षा पूरग्रस्त गावाला द्यावेत. शिबिर संपल्यावर पुढचे चार रविवार चार-पाच विद्यार्थ्यांनी त्याच गावात जावे. कामे तीनच : जलसुरक्षकासोबत प्रत्येक विहिरीची ओटी चाचणी, आशाताईंसोबत घरोघरी तापाची विचारपूस आणि साचलेले पाणी रिकामे करणे. सारे एका वहीत लिहावे आणि ती वही प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. एका वाडीत एकाच आठवड्यात चार जणांना ताप आणि पोटऱ्यांत वेदना, एवढी नोंदही डॉक्टरांना वेळेवर जागे करते.

‘आशाताई आहेत, मुले कशाला?’ असे कोणी विचारेल. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि ती त्याच गावात राहते. पूर तिच्याही घरात शिरलेला असतो. ‘मुले डॉक्टर नाहीत’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच त्यांनी गोळ्या वाटू नयेत. विचारावे, लिहावे आणि रुग्णाला केंद्रापर्यंत पोहोचवावे, एवढेच.

मुलांची काळजी हीसुद्धा आरोग्यसेवाच. अनवाणी चिखलात उतरवून काढलेला फोटो कौतुकाचा नव्हे. गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोची प्रतिबंधक गोळी यांची सोय आधी हवी. पडझडीत, लाकडांच्या ढिगात मण्यार आणि नाग आसरा घेतात, तेव्हा ढीग हाताने नव्हे, काठीने हलवावा. साप चावल्यास दोरी बांधण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. आणि घरी परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला, तर ‘मी पुराच्या चिखलात काम केले होते’ हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

गाळ उपसायला ताकद लागते, परत यायला चिकाटी. पहिलीचे प्रमाणपत्र सातव्या दिवशी मिळते. महाविद्यालयांनी ते चौथ्या रविवारनंतर द्यावे, गावाची वही पाहून.