ब्रेकचा बोजा

अंजूरफाट्याला सकाळी चहाला थांबले की न्हावाशेव्याहून आलेल्या कंटेनर-ट्रेलरची रांग दिसते. यंत्रमागांच्या खडखडाटाने ओळखली जाणारी आमची भिवंडी आता गोदामांचीही झाली आहे. रांगेतली गाडी थांबली की ‘फुस्स’ असा सुस्कारा ऐकू येतो. तो एअर ब्रेकचा. चाकाजवळची दणकट स्प्रिंग हवेच्या दाबाने रोखून धरलेली असते. हवा गळाली, की स्प्रिंग सुटते आणि चाके जखडतात. बिघाड झाला तर गाडी थांबावी, असाच हा शहाणा हिशेब आहे.

तरीही उतारावर ‘ब्रेक फेल’ होतातच. कधी लायनर झिजलेले असतात, कधी ड्रम तापून ब्रेक धरत नाहीत, तर कधी मुळात व्हॉल्व्हच सदोष असतो. पुण्याच्या नवले पुलावर 20 नोव्हेंबर 2022 रोजी अवजड वाहनाने अनेक गाड्यांना ठोकरले, तेव्हा पहिली बातमी ‘ब्रेक फेल’चीच होती. तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, आणि हवा भरणेही बंद. ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांआड चालकाची चूक लपते, मालकाची कंजुषी लपते आणि कारखान्याचा दोषही लपतो.

कारखान्याचा दोष असेल तर गाड्या परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 110 अ आले आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. ठरावीक टक्के मालकांनी तक्रार केली, तर सरकार उत्पादकाला गाड्या परत घ्यायला लावू शकते. दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. पण ही तरतूद सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. ट्रेलर त्याहून कितीतरी अधिक वर्षे राबतो, हात बदलत राबतो. शिवाय तक्रार करायची मालकाने आणि ब्रेक जाणवतो चालकाच्या पायाला!

बँकेत असताना मी एका ट्रेलरचे कर्ज मंजूर केले होते. हप्ते थकले. आमच्या माणसाने दोन दिवसांत गाडी नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यावर शोधून काढली. जप्तीच्या वेळी चालक म्हणाला, “साहेब, घेऊन जा. पण नेणाऱ्याला सांगा, मागची चाकं उशिरा धरतात. शेठला चारदा सांगितलं.” मी मान डोलावली आणि यादीत टायर किती, स्टेपनी आहे की नाही, एवढेच लिहिले. ब्रेकसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. पुढे गाडी लिलावात गेली. ती कुणी, कुठल्या घाटात चालवली, हे मला आजही ठाऊक नाही.

थकलेल्या हप्त्यासाठी जी व्यवस्था दोन दिवसांत गाडी शोधते, तिला सदोष ब्रेकचे पत्र तिसऱ्या मालकापर्यंत पोहोचवणे कठीण का जावे? विम्याच्या नूतनीकरणाला, आरटीओच्या पासिंगला, बँकेच्या ना-हरकत दाखल्याला गाडीचा कागद पुढे येतोच. दुरुस्ती झाल्याची नोंद तिथेच मागावी. चालकाची तक्रारही मालकाच्या तक्रारीइतकीच ग्राह्य धरावी.

कर्ज असेपर्यंत आरसी बुकावर बँकेचा बोजा असतो. ब्रेकचा दोष दूर होईपर्यंत त्याचाही बोजा त्याच बुकावर चढला पाहिजे. बुडालेले कर्ज बँका निर्लेखित करतात. पुलाखाली चिरडलेल्या माणसाचे खाते तसे बंद करता येत नाही.